व्याह्यांनी दिलेलं कापड

सोमनाथची पँट सकाळपासून तिसऱ्यांदा घसरली, तेव्हा तो व्याह्यांशी फोनवर बोलत होता.

"हो हो, यादवराव, रविवारी बरोबर अकराला," असं म्हणत त्याने एका हाताने फोन आणि दुसऱ्याने कंबर सांभाळली, आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. भिंतीचा आणि त्याचा मिळून पँटला जेवढा आधार झाला तेवढाच. समोर सोफ्यावर त्याची लेक सायली तोंडात ओढणी कोंबून हसत होती. आता बापाची ही अवस्था आणि पोरगी हसते म्हणून कुणी नाक मुरडेल. पण तिने हसू नये तर काय करावं? तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली पँट होती ती. तेव्हा दुकानदार म्हणाला होता, साहेब, जरा घट्ट होतेय, पुढचा नंबर घ्या.

फोन ठेवून सोमनाथने दोन्ही हातांनी पँट वर ओढली आणि जाहीर केलं, "ही पण गेली."

"गेली!" सायलीने टाळी वाजवली. "काकू, चौथी पँट आउट!"

"सुतळी आणू का?" तेजलने स्वयंपाकघरातून विचारलं.

ऑपरेशनला चौदा आठवडे झाले होते. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला, आत उरलं ते एका केळ्याएवढं. एकशे सेहेचाळीस किलोचा सोमनाथ आज सकाळी एकशे तेरा भरला होता. दिंडोरीकडच्या मळ्यावर द्राक्षांच्या फवारण्या गड्यांवर सोपवून तो आणि त्याची बायको हर्षाली तेव्हापासून धाकट्या भावाकडे, नाशिक रोडला शेखरच्या फ्लॅटवर मुक्कामाला होते. दवाखाना जवळ, आणि शेखरच्या बायकोला, तेजलला, वाटीने मोजून जेवायला घालायचा भलता उत्साह. सोमनाथला आता थंडी वाजायची. ज्या माणसाने पौषातसुद्धा पंखा पाचवर ठेवून सगळ्या घराला पडसं आणलं, तो माणूस आता बंडीवर बंडी घालून उन्हाच्या तुकड्यामागे गॅलरीत खुर्ची सरकवत फिरायचा, आणि तेजल म्हणायची, दादा, वीजबिल अर्ध्यावर आलं तुमच्यामुळे.

आजचा गुरुवार सगळ्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. रविवारी सायलीचा साखरपुडा, आणि मुलीच्या बापाने घालायचं काय, हे आज ठरायचं होतं.

यात ठरवायचं काय, असं वाटेल. पण त्या कपड्यांवर बरंच काही अवलंबून होतं. या घराण्यात रीत अशी की सुपारी फुटते त्या दिवशी मुलाकडचे मुलीच्या बापाला पोशाखाचं कापड देतात, आणि साखरपुड्याला बापाने तेच शिवून, अंगावर घालून, व्याह्यांच्या समोर पाटावर बसायचं. मांडी घालून, चांगला पाऊण तास. ज्याच्या अंगावर व्याह्यांचं कापड, त्याचा पाट. आता मानाचं कापड मिळतं ते साधारण माणसाला पुरेल एवढं. सोमनाथ साधारण कधी नव्हताच. म्हणून वीस वर्षं लग्नाकार्यात दादाला मिळालेलं कापड शेखरच्या अंगावर चढत आलं होतं, आणि त्यात कुणाला काही वाटेनासं झालं होतं. श्रावणात नवरामुलगा समर्थ, त्याच्या घरच्यांशी सुपारी फुटली तेव्हाही सगळ्यांनी तेच धरलं. कापड शेखरला होईल, पाटावर शेखरच बसेल.

त्याला वणीचंही कारण होतं. चार वर्षांपूर्वी वणीला चुलतभावाच्या लग्नात टॉवेल-टोपीसाठी सोमनाथचं नाव पुकारलं. तो सतरंजीवर बसायला वाकला आणि पँट मागून उसवली. नुसती उसवली नाही, चर्रकन फाटली, आणि नेमका बँड थांबला होता. अख्खा मांडव हसला. कुणीतरी मोबाईलवर घेतलं. एकोणीस वर्षांची सायली उठली, अंगावरची ओढणी काढून बापाच्या कंबरेला गुंडाळली आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. त्यानंतर एकाही लग्नात सोमनाथ मांडवात गेला नाही. बाहेर गाडीत बसायचा. हर्षाली ताट घेऊन यायची, दोघं गाडीतच जेवायची.

आता त्याला तो पाट हवा होता. पोरीच्या साखरपुड्यातला स्वतःचा पाट. रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. फक्त मागायचा कसा, हे कळत नव्हतं, कारण मागायचा तो भावाकडून.

"नियम ऐका," तेजल हात पुसत बाहेर आली. दिवाणखान्याच्या मधोमध तिने लाकडी पाट मांडला होता. "उभं राहून आरशात बघायचं नाही. उभ्याने सगळेच चांगले दिसतात. मांडी घालून बसायचं, दहा मिनिटं बसून राहायचं, खोकायचं, आणि उठायचं. कुठे टोचलं, रुतलं, सरकलं की कपडा बाद."

"एवढी परीक्षा तर प्रेसमध्ये नोटांची पण होत नाही," शेखर म्हणाला. तोच तिथे, नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये, तपासणीला, म्हणजे त्याला ठाऊक. "दादा, आधी माझं बघ. भाड्याने आणलंय, पण माल बघ." त्याने खाकी पिशवीतून निळा ब्लेझर काढला. "समर्थकडचे सगळे ब्लेझरमध्ये येणारेत. तू लेचापेचा दिसायला नको. आणि पँट घसरते म्हणतोस ना? हे घे, खांद्यावरून लावायचे गॅलिस!"

सोमनाथ आत जाऊन तो सगळा सरंजाम चढवून आला. खरं सांगायचं तर रुबाबदार दिसत होता. सत्तरी ओलांडलेल्या लंकाबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बस," तेजलने पाटाकडे बोट दाखवलं.

सोमनाथ बसला. म्हणजे वाकला, गुडघे दुमडले, आणि पँटचा कडक पट्टा बेंबीच्या डाव्या अंगाला, जिथे दुर्बिणीच्या ऑपरेशनची खूण होती, तिथेच रुतला. "आई गं," म्हणून तो अंग चोरतो तोच मागचा गॅलिस सुटला आणि सप्पकन उडून शेखरच्या चष्म्यावर बसला.

"बाद!" सायली ओरडली.

"माझा चष्मा!" शेखर ओरडला.

"चष्मा पण बाद," तेजल म्हणाली, आणि लंकाबाई पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

मग सायलीने ऑनलाइन मागवलेली ताणली जाणारी काळी पँट आली. मऊ, रुंद इलॅस्टिक, पोटाला लोण्यासारखी. सोमनाथने ती घालून गॅलरीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, वळला, पाय उचलून बघितला. "ही तर अंगावर हाय का नाय तेच कळत नाय!" आनंद झाला की त्याची भाषा मळ्यावर जायची. असं सुख त्याला ठाऊकच नव्हतं. आजवर दुकानात शिरलं की दुकानदार गल्ल्यावरूनच हात हलवायचा, साहेब, तुमच्या मापात नाही येत. आणि आता घरात बसून एकामागून एक कपडे नाकारायची चैन! त्याच्या गालांना रंग चढला होता.

"लय ब्येस," लंकाबाई म्हणाल्या. "आन रविवारी काय तारेवरून चालणारेस का? सर्कशीतली चड्डी ती. व्याही काय म्हणतील?"

"आजी, घरात घालायला ठेवू," सायलीने मधला मार्ग काढला. "पप्पा, आता ते शिवलेलं धोतर. आजी, हे तुझ्यासाठी."

शिवलेलं धोतर सगळ्यांनाच आवडलं. वर मऊ सुती बंडी, पोटाच्या ढिल्या कातडीला घासणार नाही अशी, त्यावर जाकीट. कंबरेला इलॅस्टिक, पुढून एक पट्टी चिकटवायची. सोमनाथ पाटावर बसला आणि बसल्या बसल्या ती पट्टी सुटली.

चर्रर्र.

कुणीच हसलं नाही. सोमनाथचे दोन्ही हात आपोआप मागे गेले होते. काही फाटलं नव्हतं, नुसती चिकटपट्टी ती. पण चार वर्षांपूर्वीचा अख्खा मांडव त्या एका आवाजाबरोबर शेखरच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

"पुरे," हर्षाली म्हणाली.

इतका वेळ ती दाराशी उभी होती. आता पुढे येऊन तिने नवऱ्याच्या खांद्यावर शाल टाकली. "पुरे झाला खेळ. अहो, उठा. ठरलंय तसंच होऊ दे. भाऊजी बसतील पाटावर. तुम्ही बाजूला खुर्चीत बसा, सैल शर्ट घाला, पोरगी डोळे भरून बघा."

"मम्मी!" सायली उसळली.

"तू गप्प बस. तू एकदा ओढणी गुंडाळलीस. पुढची चार वर्षं गाडीत मी बसलेय." हर्षाली म्हणाली. तिला कुणाचा राग नव्हता, तिला भीती वाटत होती. रविवारी परत कुणी हसलं तर ती स्वतःला आवरू शकणार नव्हती, आणि पोरीच्या सासरच्यांसमोर तमाशा झाला असता. "पाऊण तास बसायचं म्हणजे चेष्टा आहे का? मधेच चक्कर आली तर? मधेच परत काही..."

"फाटलं तर, म्हण ना," सोमनाथ म्हणाला.

हर्षालीने शालीचं टोक त्याच्या गळ्याशी नीट खोचलं.

"हर्षा, मला आता गाडीत थंडी वाजते गं."

इतक्या साध्या आवाजात म्हणाला तो, की तिला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

"मला आत बसायचंय," सोमनाथ म्हणाला. एकदा सुटलं ते सुटलंच. "मला यादवरावांच्या समोर बसायचंय. पोट कापून घेतलं ते काय आरशात बघायला? पोरीच्या साखरपुड्याला बाप म्हणून बसायला. शेखर, तुला राग येईल, येऊ दे. मला माझा पाट पाहिजे."

शेखरने चष्म्याची काडी सरळ करायचं निमित्त काढून मान खाली घातली होती. त्याला राग आला नाही. लाज वाटली, कारण त्याला वाईट वाटलं होतं. चार महिने तो या पाटाच्या तयारीत होता. रोज सकाळी देवघरापुढे मांडी घालून बसायचा, पाय बधिर होईपर्यंत. प्रेसमधल्या सगळ्यांना सांगून झालं होतं, पुतणीच्या साखरपुड्याला मुलीचा बाप म्हणून मीच आहे. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हा पाट त्याला परत कधी मिळणार नव्हता.

"कापड कुठाय?" तो एवढंच म्हणाला. "ज्याच्या अंगाला यादवरावांचं कापड होईल तो बसेल. रीतच आहे. काढा कापड."

"म्हणजे काय, तुमच्याकडेच असेल ना," हर्षाली म्हणाली.

"माझ्याकडे? मला वाटलं वहिनी, तुम्ही तेजलकडे शिवायला दिलंत."

"माझ्याकडे फॉलबिडिंगच्या साड्यांशिवाय काही नाही," तेजल म्हणाली.

कपाट उघडलं गेलं. पलंगाखालच्या बॅगा निघाल्या. सायलीने देवघराखालचा कप्पासुद्धा पाहिला. रविवार तीन दिवसांवर आणि व्याह्यांनी दिलेलं कापड घरात नाही! यादवरावांनी स्वतः निवडलेलं, मोतिया रंगाचं, नेहरू शर्ट आणि पायजम्याचं. आता ते समोर बसून विचारणार, आमचं कापड आवडलं नाही का, आणि यांनी सांगायचं काय?

एवढ्या धांदलीत लंकाबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. उचकी थांबली तरी पदर तोंडावरच होता.

"आई," सोमनाथ म्हणाला, "तुला माहितीये."

"मी झुंबर टेलरला दिलंय," लंकाबाई म्हणाल्या. "सोमवारी गावाला गेले व्हते ना, तवाच. म्हनलं सोमाच्या मापाचं शीव."

"माझ्या?" सोमनाथ म्हणाला.

"मंग कुणाच्या? पोरगी तुझी, व्याही तुझा." म्हातारीने पदर खाली घेतला. "वीस वरीस बघती मी. ह्याला मान भेटायचा आन त्याच्या अंगावर चढायचा. शेखऱ्या, तू पन माझाच हाये, तुला वाईट वाटंल म्हनून बोलले नाय. पन तुमचं दोन पोरांचं कापड मला सारखं करायचंय मरायच्या आधी. आज येतोय झुंबर घिऊन. चारच्या गाडीनं."

सायलीने आजीच्या गळ्यातच उडी मारली. तेजलने पाटाला एक ठोका दिला. सोमनाथला तर उठून उभं राहायचंही सुचलं नाही. पण शेखर प्रेसमधला माणूस, नोटेतली बारीक चूक हुडकणारा. त्यानेच विचारलं, "आई, झुंबरकाकांना सांगितलंस ना, दादा वाळलाय म्हणून?"

लंकाबाईंचा चेहरा बदलला.

"ते कसं सांगनार?" त्या हळूच म्हणाल्या. "गावात तर मी सांगितलंय पित्ताचे खडे काढले."

हे खरंच होतं. ऑपरेशन कशाचं ते लंकाबाईंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. एक तर नजर लागेल. आणि दुसरं, त्यांना लोकांच्या तोंडचं ऐकायचं नव्हतं, की आईनेच खाऊ घालून घालून फुगवला आणि मग पोट कापायची पाळी आणली. भाकरीवर लोण्याचा गोळा त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता लेकाला, वर्षानुवर्षं. कुणी म्हणायची गरज नव्हती, त्या स्वतःच म्हणत होत्या, रोज.

"आणि झुंबरकाका माप घेतच नाहीत," सोमनाथ सावकाश म्हणाला. "ते म्हणतात, सोमाचं माप मला पाठ आहे."

तेवढ्यात बेल वाजली.

सोमनाथनेच दार उघडलं. बाहेर काखोटीला पिशवी मारून झुंबर टेलर उभे होते. चार जिने चढून धाप लागलेली, जाड भिंगांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दारातल्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोमा हाय का घरी?"

"काका," सोमनाथ म्हणाला.

झुंबर दोन पावलं मागं सरकले. चष्मा वर केला, पुसला, परत लावला. "सोमा? आरं... आरं, तुझ्या आईनं तर सांगितलं, खडे काढले. खडे काढले का आख्खा डोंगर काढला रे?"

आतून सायलीच्या हसण्याचा स्फोट झाला. झुंबर आत आले, पाणी पिताना भांड्यावरून बघत राहिले, मग उठून सोमनाथभोवती एक प्रदक्षिणाच घातली. खिशातला टेप काढला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सोमनाथच्या छातीला टेप लावला. आकडा बघून टेप उलटा करून बघितला, तुटलाय का म्हणून. परत लावला.

"आठ्ठेचाळीस," ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले. "मी आठ्ठावनचं शिवलंय."

पिशवीतून शर्ट निघाला. झुंबरकाकांचं काम म्हणजे काम, टीप अशी सरळ की मोजून घ्या. पण तो शर्ट हातात धरला तर शेखरला आणि तेजलला मिळून आत शिरता आलं असतं. आणि दोन्ही बगलांपासून खाली घेरापर्यंत पाच-पाच इंचांच्या पट्ट्या. कापड जवळजवळ त्याच रंगाचं, पण जवळजवळच. मोतियाशेजारी ते पिवळं दिसत होतं.

"जोड," सोमनाथ म्हणाला. ही पट्टी तो अंधारातही ओळखला असता. जे कापड शेखरला देणं शक्यच नसायचं, त्याला झुंबरकाका दुसऱ्या कापडाचा जोड लावायचे.

"तुला कधी मानाचं कापड पुरलंय का?" झुंबर कळवळून म्हणाले. "म्हनून मी हातासरशी जोड आनला. पदरचा. म्हनलं पोरीचा साखरपुडा, सोमानं व्याह्याच्याच कापडात बसाया पायजे. बगलंत घातला. हात खाली ठेवले का दिसत नाय."

हात खाली ठेवले की दिसत नाही. सोमनाथला हे वाक्य पाठ होतं. जोडाचे कपडे घालून तो जिथं जिथं गेला, तिथं कोपर बरगडीला चिकटवून उभा राहिला. अक्षता टाकायच्या त्या मनगटाने. भावाच्या वरातीत सगळे हात वर करून नाचले आणि हा टाळ्या वाजवत राहिला, छातीपाशी. लोकांना वाटायचं माणूस भारी शांत आहे.

"परत शिवायला कापड नाही," हर्षाली म्हणाली. कशी कोण जाणे, ती आता पाटाच्या बाजूला आली होती. तिने शर्ट हातात घेऊन उलटा केला, शिवण बघितली. "काका, पण हा जोड काढला तर? जोड दोन्ही बाजूंना मिळून दहा इंचांचाच आहे ना?"

झुंबर तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. अठ्ठावन वजा दहा.

"आगं बया," लंकाबाई म्हणाल्या, कारण हिशेब त्यांचा आधी झाला होता. "म्हंजी यादवरावांचं नुसतं कापड..."

"नुसतं त्यांचंच!" सायली जागच्या जागी उड्या मारायला लागली. "पप्पा, नुसतं त्यांचंच कापड तुम्हाला पुरतंय!"

"उसवा," सोमनाथ म्हणाला.  "काका, उसवा तो आत्ताच्या आत्ता."

"उसवलं असतं रे. पन हे मोतिया कापड नाजूक, मी टीप घातली बारीक, आन माझं डोळं आता घरातल्या उजेडात..." झुंबर घुटमळले. "एक धागा चुकला तर कापडाला भोक. आन दुसरं कापड नाय."

खोलीत एकच माणूस असा होता, ज्याला केसाएवढी रेघ दिसल्याबद्दल पगार मिळत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. शेखरच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्याला माहीत. क्षणभर वाटलंही असेल, की भोक पडलं तर पडू दे. मग तो उठला, तेजलच्या मशीनच्या खणातून ब्लेड आणलं, गॅलरीत उन्हाला पाठ करून बसला आणि शर्ट मांडीवर घेतला.

"दादाचं कापड आजवर मीच घातलंय," तो म्हणाला. "मला त्याची सवय आहे."

 तासभर तो एकेक टाका उचलून कापत होता. पट्ट्या निघाल्या, कापडाला ओरखडासुद्धा नाही. तोवर तेजलने पायजम्याची नाडी ओढून काढली, ती बेंबीजवळच्या खुणेवर काचली असती, आणि तिथं सायलीने मागवलेल्या काळ्या पँटचं रुंद मऊ इलॅस्टिक काढून बसवलं. आसनातला जोडही निघाला. झुंबरांनी मशीनवर बसून बगला जुळवल्या, दोन बोटं सैलच ठेवल्या. म्हणाले, तीन दिवसांत अजून उतरशील, पन श्वास घ्यायला जागा लागती. हर्षाली इस्त्री तापवून उभीच होती.

सोमनाथ आतून बाहेर आला तेव्हा संध्याकाळचं ऊन दिवाणखान्यात आलं होतं. खाली मऊ बंडी, वर मोतिया नेहरू शर्ट, पायघोळ पायजमा.  सायलीने पाट सरकवला. शेखरने दुसरा पाट आणला, समोर मांडला आणि स्वतः त्यावर मांडी घालून बसला.

"मी यादवराव," तो म्हणाला. "रंगीत तालीम. बसा, व्याही."

सोमनाथ बसला. काही रुतलं नाही. काही वाजलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेजलने "खोका" म्हटल्यावर तो खोकला. त्याला तेवढ्यात हर्षालीने दोन घोट पाणी दिलं, अर्ध्या तासाने परत दोन. लंकाबाई मधेच उठून मीठमोहऱ्या ओवाळून गेल्या. घड्याळात पाऊण तास भरला तेव्हा शेखरने देवघरातला नारळ उचलून पुढे केला. सोमनाथने तो घेतला, कोपर बरगडीला चिकटवून, मनगटाने.

"पप्पा," सायली म्हणाली. "हात."

सोमनाथने खाली पाहिलं. जोड नव्हता. लपवायचं काही नव्हतं. त्याने नारळ धरलेले दोन्ही हात आधी छातीपर्यंत, मग डोक्यापर्यंत, मग पार पंख्याच्या दिशेने वर नेले. दोन्ही बगला साऱ्यांना दिसत होत्या, मोतिया, सरळ, एकाच कापडाच्या. हर्षाली हुंदका देऊन हसली. झुंबरांनी चष्मा काढून ठेवला.

"घे," शेखरने सवयीने दोन्ही हात पुढे केले. गेली दहा वर्षं दादाला जमिनीवरून उठवायचं तर दोन माणसं लागायची, आणि त्यातला एक तो असायचा. पण त्याने हात पुढे करेपर्यंत सोमनाथ उठून उभाही राहिला होता.

शेखर मात्र उठेना. पाऊण तासाने त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. तो तसाच बसून होता, हात पुढे केलेले, चष्म्याची काडी वाकडी.

सोमनाथने नारळ सायलीकडे दिला, वाकला, भावाचे ते दोन्ही हात धरले आणि त्याला ओढून उभं केलं.